गाववाल्याने बसवलेली काच

हितेंद्र गाडीची पुढची काच कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडून बदलून घेणार होता. डिलाईल रोडच्या चाळीत त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, त्याला अडवलं. "आपल्या गावच्या वाडीतलो धनेश बसवता ना काचा? मग सर्टिफिकेट कित्याक व्हया?"

धनेशने अर्ध्या तासात काच बसवली आणि गोंद सुकायच्या आत किल्ली हातात दिली. "बिनधास्त न्या, दादा."

तासाभरात शीवला गाडी दुभाजकावर आदळली. एअरबॅगच्या धक्क्याने काच अख्खी निखळली, टेकू गेलेली एअरबॅग बाहेर फुगली आणि शेजारी बसलेली हितेंद्रची बायको, प्राची, बाहेर फेकली जाऊन जागीच गेली.

शवागाराबाहेर हवालदाराने विचारलं, "काच कोणी बसवली होती?"

हितेंद्र बोलणार, तोच अप्पांनी त्याचा हात दाबला.


"नाव घेव नको. गणपतीक गावाक जावचा आसा."