केसभर हुकलेली राणी

"अण्णा, गावच्या संथ इंटरनेटवरून तुमचा फटका माझ्या पडद्यावर पोचेपर्यंत माझा चहा निवतो," म्हणत शलाकाने शनिवारी वडिलांच्या ऑनलाइन कॅरमला नवं सॉफ्टवेअर जोडलं. जुन्या डावांवरून ते अण्णांचा हात ओळखायचं आणि त्यांचा फटका पोचण्याआधीच तो मारून मोकळं व्हायचं.

"मग मी कशाला हवा?" अण्णा हसले. नेहमीसारखीच त्यांची राणी केसभर हुकली आणि ती शलाकाने घेतली.

रविवारी अण्णा गेले.

महिन्याने तिने खेळ उघडला, तर चालूच राहिलेल्या सॉफ्टवेअरने त्यांचा डाव मांडला. कोपऱ्यातल्या अवघड सोंगट्या पटापट घेतल्या आणि भोकाच्या तोंडाशी असलेली राणी केसभर हुकवली.

शलाकाने स्ट्रायकरला हात लावला नाही.

"मुद्दाम हुकवता, हे मला शाळेपासून ठाऊक आहे, अण्णा," ती मोठ्याने म्हणाली. "आज तुम्ही घ्या."