मधलं नाव

"परवाना नादिर हैदरी. ही कोण?" कॅनडाच्या दिल्लीतल्या वकिलातीतल्या साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

संगणकाच्या पडद्यावर दोन चौकटी होत्या. एकीत साहेब. दुसरीत पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याची एक भाड्याची खोली, तिथं परवाना, तिच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी आणि शेजारी दुभाषी. इकडं रहिमतपुरात संयोगिताच्या सेवा केंद्रात परवानाचा नवरा नादिर खुर्चीच्या टोकावर बसला होता. साताऱ्याला शेतकी शिकायला आलेला हा अफगाण पोरगा, तिकडं राज्य पालटलं आणि इथंच अडकला. कॅनडानं त्याला घ्यायचं कबूल केलं होतं. बायकोमुलीला सोबत नेता येईल की नाही, ते या अर्ध्या तासावर होतं. मुलीला तर त्यानं अजून हातातही घेतलं नव्हतं.

साहेब कागद वर करून दाखवत होते. बायकोच्या ओळखपत्रावर परवाना, वडील गुलाम सखी. तिथं ना नादिर, ना हैदरी. अर्जात मात्र परवाना नादिर हैदरी. म्हणजे बायका दोन का? उलगडा झाला नाही तर बायकोची फाईल आजच बंद होईल, तुम्ही एकटे जाल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

 नादिरनं बाजूला बसलेल्या संयोगिताकडं पाहिलं. अर्ज तिनं भरला होता.

तिला एका क्षणात सगळं कळलं. अठरा वर्षं ती अर्ज भरत होती. पोरगी बिनलग्नाची असेल तर मधे बापाचं नाव, लग्न झालेली असेल तर नवऱ्याचं, आणि शेवटी सासरचं आडनाव. परवानाचंही हातानं आपसूक तसंच भरलं. विचारायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. नादिरनं तिच्यावर विश्वास टाकून सही ठोकली होती.

पण बोलावं कसं? मुलाखतीत तिसरं कुणी बोललं तर मुलाखत रद्द, असं साहेबांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. एवढ्यात अर्ध्यावर ओढलेलं शटर बाहेरून कुणीतरी वाजवलं. बँकेच्या केवायसीसाठी गावातले गुंडाआण्णा आले होते. ती उठलीही नाही.

"उत्तर नाही?" साहेबांनी पेन उचललं.

संयोगितानं खुर्ची सरकवली आणि कॅमेऱ्यासमोर आली.

"साहेब, चूक माझी हाय. रद्द करायचं तर माझं केंद्र करा. ह्या लेकरांचं नगा करू."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मुंबईत काही वर्षं काढल्यामुळं मराठी त्यांना समजत होती. संयोगिता घाईघाईनं सांगत सुटली. आमच्याकडं लग्न झालं की बाईचं नाव असंच लिहितात, त्यांच्याकडं तसं नसतं हे मला ठाऊक नव्हतं, बायको एकच आहे. साहेबांनी ऐकून घेतलं. सांगायला काय, कुणीही सांगेल, ते म्हणाले. कागद आहे का?

नावबदलाचे कागद करण्यात तिची हयात गेली होती. तिनं खालचा खण ओढला आणि स्वतःचेच दोन कागद कॅमेऱ्यापुढं धरले. एक शाळा सोडल्याचा दाखला, माया अर्जुना फडतरे. दुसरं सरकारी राजपत्र, त्यात त्या जुन्या नावापुढं त्याच बाईचं नवं नाव, संयोगिता लालासाहेब घाडगे. साहेबांनी दोन्ही वाचले.

पहिलं नावसुद्धा बदललं? त्यांनी विचारलं. थोरल्या जावेचं नावही मायाच होतं, तिनं सांगितलं, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं लिहिलं.

"सगळंच बदललं म्हणायचं."

"व्हय. माहेरच्या वडूजवरनं रहिमतपूरला येस्तोवर."

नादिर हे सगळं परवानाला त्यांच्या भाषेत सांगत होता. ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. वडील वारले, दुभाष्यानं हिंदीत सांगितलं, त्यांचं नाव तेवढं जवळ राहिलंय. पण त्या नावामुळं नवऱ्याकडं जाता येत नसेल, तर काढून टाका म्हणते.

संयोगितानं हातातले कागद खाली ठेवले.

"काढू नगंस, पोरी," ती पडद्याला म्हणाली. नादिरनं ते आपल्या भाषेत सांगितलं.

साहेब बराच वेळ टाइप करत राहिले. शटर पुन्हा वाजलं. मग साहेबांनी वाचून दाखवलं. परवाना, वडील गुलाम सखी. अर्ज भरणाऱ्याची चूक, दुरुस्त केली. हे दोन्ही कागद आणि लेखी जबाब आजच पाठवा. मायलेकींची फाईल नवऱ्याच्या फाईलसोबत पुढं जाईल.

नादिर टेबलावर डोकं टेकून रडला. संयोगितानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आता रडायचं न्हाई, जबाब लिहायचाय, असं काहीतरी ती पुटपुटली.

साहेबांची चौकट गेली. परवानाची अजून होती. ती दुभाष्याला काही विचारत होती. ताईंचे आभार मानायचेत, दुभाषी म्हणाला, पण कोणत्या नावानं मानू, असं विचारते.

संयोगितानं टेबलावरच्या आपल्या दोन कागदांकडं पाहिलं. परवाना मुलीच्या डोक्यावरून पुढं वाकली.

"माया?"

आई गेल्यापासून त्या नावानं संयोगिताला कुणी हाक मारली नव्हती.

"ओ," ती म्हणाली.