सत्तावीस आणि एकसष्ट

"सत्तावीस नंबरचं घर आणि एकसष्ट नंबरचं घर चौदा दिवस एकच जेवण जेवतात?" मदनलाल सरांनी दोन्ही तक्ते सुनंदाबाईंपुढे सरकवले. "सोमवारी दोघांकडे फुणके-कढी. मंगळवारी दोघांकडे कळण्याची भाकरी नि भरली वांगी. पुढं भगर, तीही दोघांकडे."

"त्या दिवशी एकादशी होती, सर. अख्ख्या गावानं भगर खाल्ली."

"एकादशी सोडून देऊ. बाकीच्या तेरा दिवसांचं काय?"

अठ्ठ्याऐंशी साली चोपडा तालुक्यातल्या एकशेवीस घरांची ही पाहणी चालू होती. कोण काय खातं, कोणाचं रक्त कमी आहे, आणि या दोहोंचा काही संबंध लागतो का, हे शोधायचं होतं. सुनंदाबाई घरोघर जाऊन 'काल काय खाल्लं' ते लिहून घेत. जळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे मदनलाल सर त्याचा हिशोब मांडत. सरांचा आकड्यांवर पूर्ण विश्वास होता.

"एकाच गावातल्या घरांचं जेवण थोडंफार जुळतं. इतकं नाही जुळत. इतकं जुळतं ते एकाच ओट्यावर बसून दोन तक्ते भरले तर. एक तक्ता खोटा निघाला की एकशेवीस घरं रद्दीत जातील, बाई. तुमची नेमणूकही जाईल."

जळगावजवळच्या पिंप्राळ्यातलं आपलं घर सुनंदाबाई त्या नेमणुकीवर चालवत होत्या.

"तक्ते खरे आहेत, सर."

"मग कारण सांगा."

"ते माझ्याच्यानं सांगवणार नाही."

कारण त्यांना ठाऊक होतं. सत्तावीस म्हणजे तोतारामनाना, एकसष्ट म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ उखर्डू. पूर्वी घर एकच होतं, आणि त्यातला कलकलाट म्हणे मारुतीच्या पारापर्यंत ऐकू यायचा. नऊ वर्षांपूर्वी मध्ये भिंत उभी राहिली. दारं दोन गल्ल्यांत गेली, बोलणं बंद झालं. पण त्या भिंतीला मागच्या अंगणात एक भगदाड होतं. त्यातून मोठी जाऊ धुरपदाबाई आणि धाकटी सुगंधाबाई एकमेकींना वाट्या देत. रोज जे शिजेल त्यातलं अर्धं पलीकडे. "आमच्या माणसांना कळलं तर काठ्या निघतील, माय," म्हणत धुरपदाबाईंनी सुनंदाबाईंकडून पांडुरंगाची शपथ घेतली होती.

"ठीक," सर म्हणाले. "गावातच विचारू."

तोतारामनाना ओट्यावर सुपारी कातरत होते. सरांनी सरळ विचारलं, "बाईंचा तक्ता खोटा वाटतोय. उखर्डूच्या घरचं काही येतं का तुमच्याकडे?"

"त्या घरचं पाणीबी आम्हाले चालत नही."

वळसा घालून दोघं पलीकडच्या गल्लीत गेले. उखर्डू बैलाला पेंड घालत होता. सरांनी तेच विचारलं, तरी त्यानं मान वर केली नाही.

"त्या घरचं पाणीबी आम्हाले चालत नही."

"वैर बघा किती पक्कं," सर म्हणाले.

सप्ताहाच्या कीर्तनात या दोघांना सुनंदाबाईंनी पाहिलं होतं. नाना मृदंगावर, उखर्डू टाळकऱ्यांत. बुवांनी अभंग चढवला तरी दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, आणि ठेका तसूभर हलत नव्हता. देवापुढं कसलं वैर, असंच तेव्हा त्यांना वाटलं होतं.

जीपपाशी येऊन सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका, बाई."

"बरं." त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवून सीटवर ठेवली. शपथ मोडायची नव्हती.

ड्रायव्हरनं जीप चालू केली. तेवढ्यात तोतारामनाना धापा टाकत आले आणि त्यांनी सरांच्या बाजूचं दार धरलं.

"साहेब, बाईच्या पोटावर पाय देऊ नका. तिनं लिहिलं ते बठ्ठं खरं शे. भिंतीतून वाट्या येतात, जातात. बायांना वाटतं आम्हाले पत्ता नही. मले ठाऊक शे, उखर्डूलेबी ठाऊक शे. नऊ वर्षं आम्ही तेच खातो."

सरांनी पिशवी उचलून सुनंदाबाईंच्या हातात दिली. मग नानांकडे वळले.

"दोघांनाही ठाऊक आहे, तर मग नऊ वर्षांत भांडण मिटवलं का नाही?"

नानांनी एकदा गल्लीकडे पाहून घेतलं आणि आवाज उतरवला.

"आम्ही भाऊ कधी भांडलोच नही, साहेब. एका चुलीवर होत्या तोवर रोज भांडायच्या त्या दोघीच."