नवी सवारी

"आज हे मांगं बसन," वंदना म्हणाली आणि तिनं कस्तुरीला उचलून ऑटोच्या मागच्या सीटवर ठेवलं. "साऱ्या पोरांसंगं. अन् तुम्ही शाळेपाशी खाली उतरायचं नाही. सांगून ठेवतो."

सहदेव हँडलपाशी जाऊन बसला. बोलायला तोंड कुठं उरलं होतं त्याला? नांदुऱ्यात इतकी वर्षं तो लोकांची लेकरं शाळेत पोचवतो, आणि लहान पोरांचं कॉन्व्हेंट सुरू झालं की आयांना दम देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पोरगं बसवा, टाटा करा अन् घरात जा, तुम्ही उभ्या राह्यल्या की ते जास्त रडते, असं तो तोंडावर सांगायचा. गेल्या वर्षी एक बिचारी पार चौकापर्यंत ऑटोमागं धावत आली, तर हा पठ्ठ्या तिच्यावरच खेकसला होता. आता स्वतःची लेक शाळेत घालायची वेळ आली, आणि दोन दिवस झाले, ती गेटवरूनच परत येत होती. पहिल्या दिवशी तिचा ओठ थरथरला म्हणून. दुसऱ्या दिवशी तर तेही झालं नाही, तरी यानं बाकीची पोरं उतरवली आणि ऑटो घराकडे वळवला. काऊन वापस आली वं, असं वंदनानं दारातच विचारलं. तर चार वर्षांची ती पोरगी म्हणाली, "बाबा रडून राह्यले होते."

म्हणून आज ही मागची सीट.

ऑटो निघाला. एरवी कस्तुरीची जागा त्याच्या पुढ्यात, हँडलच्या मधोमध. हॉर्न तिचाच. आज ती जागा रिकामी होती आणि हॉर्न वाजवायचंही त्याच्या ध्यानात राहत नव्हतं. आरशात तिच्या लाल रिबिनीचं टोक तेवढं दिसायचं. मधे कुणाचं दप्तर आलं की तेही गायब. मग तो मान वळवून मागं बघायचा. केळीच्या गाडीवाल्यानं ओरडून विचारलं, समोर पाहून राह्यला का कुठं, बाप्पा? सायकलवाले त्याला मागं टाकून पुढं जात होते. गतिरोधक आला की तो ऑटो असा उतरवायचा, जसं काही मागं दह्याचं गाडगं ठेवलं आहे.

शेवटचा थांबा छोट्या संघर्षचा. हे पोरगं कालच ऑटोला लागलं होतं, आणि त्याच्या आईनं त्याला सीटवर बसवलं तसा त्यानं गळा काढला. ती त्याचे डोळे पुसत उभी राहिली. मग एकदम सहदेवकडे बघून दचकली आणि मागं सरकली. तिनंही त्याच्याविषयी ऐकलेलं असणार. सहदेव खाली मान घालून म्हणाला, घ्या थोडा वेळ ताई, घाई नाही. ती बाई बघतच राहिली.

कापसाच्या जिनिंगच्या कोपऱ्यावरून उजवीकडे शाळा, डावीकडे घर. तिथं आल्यावर त्याचा हात थबकला. आजचा दिवस राहू दे, उद्यापासून पक्कं, असं मनात आलंच. तशी लहानच आहे. कुणी ढकललं, तहान लागली, तर सांगणार कुणाला? मागून एका ट्रकनं कर्कश हॉर्न दिला आणि त्यानं उजवीकडे वळवलं. खरं सांगायचं तर त्यानं नाही, त्या ट्रकनंच वळवलं म्हणा.

गेटपाशी शाळेतल्या मावशी उभ्या होत्या. पोरं भराभरा उतरली. संघर्ष मात्र आतला दांडा दोन्ही हातांनी धरून बसला आणि मम्मी पाह्यजे म्हणून रडायला लागला. मावशीनं ओढलं तर पाय झाडायला लागला. अशा वेळी सहदेवच खाली उतरायचा आणि पोरगं काखोटीला मारून आत नेऊन सोडायचा. आज तो जागचा हलला नाही. वंदनानं बजावलं होतं म्हणून नाही. उतरलो तर आपण संघर्षला नाही, कस्तुरीलाच उचलू, हे त्याला ठाऊक होतं.

कस्तुरी सीटवरून स्वतःच घसरत खाली उतरली. दप्तर तिच्या पाठीपेक्षा मोठं. सहदेवला तिला हाक मारायची होती, नुसती एक हाक. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती ऑटोच्या दाराशी गेली आणि तिनं संघर्षपुढे हात केला.

"चाल. रडू नको," ती म्हणाली. "दुपारी हे काका येतात घ्याले. कोणालेच इसरत नाहीत."

काका! घरून निघेपर्यंत तो बाबा होता. तरी सहदेवला पोरीचं इतकं कौतुक वाटलं की मावशीला, केळीवाल्याला, त्या ट्रकवाल्यालाही थांबवून सांगावं, ही माझी आहे.

संघर्षनं नाक ओढलं. मग दांडा सोडून त्यानं कस्तुरीचा हात धरला आणि सहदेवकडे टक लावून पाहिलं. त्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे तो बघत होता.

कस्तुरीही वळली. गाडीतली बाकीची पोरं विचारतात, तशाच आवाजात तिनं विचारलं, "येसान ना, काका?"

"हाव जी," सहदेव म्हणाला. "येतो."