दिवा बंद असताना

केबिनच्या काचेवर स्टूल आदळलं, दुसरा फटका कपाळावर बसला, तसे सोनटक्के जीव मुठीत धरून पळाले आणि थेट रेडिएशनच्या खोलीत शिरले. कॅन्सरच्या रुग्णांना किरणं किती आणि कुठे द्यायची हे मोजणारे फिजिसिस्ट ते. भुवईतून गळणारं रक्त त्यांनी बाहीनं पुसलं.

मागून धावत आलेले एका रुग्णाचे नातेवाईक उंबऱ्यावर मात्र थबकले.

"ह्यानंच जास्तीचा शेक देऊन मावशीला मारलं! ओढा हरामखोराला बाहेर!" एकजण गरजला.

"तूच जा की आत. जळून मरायचंय का?" दुसऱ्यानं त्याला मागे खेचलं.

मशीनला पाठ लावून सोनटक्के धापा टाकत उभे राहिले. दारावरचा लाल दिवा बंद होता. मशीन बंद म्हणजे खोलीत किरणं नाहीत, हे ते रोज घसा कोरडा करून सांगत. आज पहिल्यांदाच त्यांना लोकांचं अज्ञान गोड वाटलं.

एवढ्यात गर्दी सारत नवनाथ पुढे आला, सकाळी दगावलेल्या त्या बाईचा मुलगा. पहिल्या दिवशी हा आईला आत सोडायलाच तयार नव्हता. तेव्हा सोनटक्क्यांनी त्याला हाताला धरून आत आणलं होतं, मशीनवर हात ठेवायला लावला होता, त्याची भीती पार घालवली होती.

"घाबरता काय रे?" नवनाथ मागे वळून म्हणाला. "लाल दिवा बंद असला की आत काही नसतं. साहेबांनीच शिकवलंय मला."

त्यानं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि उंबरा ओलांडला. त्याच्यामागोमाग सगळेच आत शिरले.