पोचलात की कळवा

"हेही मेलं," तूबा खानम म्हणाल्या आणि त्यांनी आपला फोन ईरजच्या हातात कोंबला. "बघा ना जरा, ईरज-आगा. परवाच भाच्यानं नवं फिल्टरतोड घालून दिलं होतं."

तेहरानात सरकारनं बंद केलेली इंटरनेटवरची पानं चोरवाटेनं उघडून देणारी ही फिल्टरतोडं घरोघरी असत. एक मेलं की दुसरं. ईरजनं आपल्या फोनमधलं एक त्यांना दिलं. पडद्यावर चाक नुसतं फिरत राहिलं.

"काय ऐकायचं होतं?"

"ती गीलानची मुलगी हो. परदेशात असते. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची भातलावणीची गाणी गाते. बाईमाणूस एकटं गायलं तर कुणाच्या पोटात का दुखावं? बंद करणाऱ्याचे हात झडोत!"

"झडोत," ईरज म्हणाला आणि त्यानं सामोवाराची आच कमी केली. "चहा घेता?"

"नको. तुम्ही आपले एकटे घोट घोट पीत बसा."

त्या हसत खाली गेल्या. ती मुलगी म्हणजे आपलीच लेक गोलनार, हे त्यानं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

बायको गेली आणि वर्षभरात गोलनारनं देश सोडला. निघताना दारातच दोघांचं वाजलं. "मला फोन करू नका, बाबा," ती म्हणाली. त्यानं केला नाही. राग उतरला की तीच करेल, असं त्याला वाटलं. तिनंही केला नाही. पोरगी बापावर गेली होती.

मग एकदा कचेरीत काम करता करता तिचं पान त्याच्यासमोर आलं. घरी येऊन त्यानं तिथं खोटं नाव-गाव नोंदवलं: बहराम, गीलानमधलं रश्त.

गाणी सगळ्यांसाठी असत. कौतुक करणारे शेकड्यानं होते, ती कुणाला उत्तर देत नसे. पण पान बंद झालं की ती नव्या पत्त्यावर बस्तान मांडायची आणि श्रोत्यांना निरोप पाठवायची. बोलून.

जिन्यावर तूबा खानमची पावलं थांबली न थांबली तोच फोन वाजला.

"मंडळी, दार पुन्हा लावलंय त्यांनी. आपण खिडकीतून येऊ. खाली नवा पत्ता आहे. पोचलात की कळवा, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल."

ईरजनं लिहिलं, "पोचलो. बहराम."

थोड्या वेळानं उत्तर आलं. फक्त त्याला.

"बहराम-आगा! दर वेळी तुम्हीच पहिले. का कोण जाणे, तुमचं नाव दिसलं की घरचं कुणी दारात आल्यासारखं वाटतं. तिकडे बर्फ पडतोय ना? छाती जपा हं."

त्यानं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. चहा केव्हाच गार झाला होता. "मी तुझा बाबा," त्यानं लिहिलं, आणि पुसलं. बहरामला ती छाती जपायला सांगत होती. बाबांना काय सांगेल, ते त्याला ठाऊक होतं.

नवा पत्ता त्यानं तूबा खानमना नेऊन दिला. त्यांनी त्याच्या नावानं दुवा दिला आणि बशीभर हलवा दिला.

हिवाळा सरला. पान चालूच राहिलं. गोलनारनं नवी गाणी गायली. एका गाण्यात तिचा आवाज अगदी तिच्या आईसारखा लागला. ईरजनं तसं लिहून कळवलं. उत्तर नाही. नवरोजला त्यानं एकट्यासाठी हफ्त-सीनचे सात जिन्नस मांडले, भात आणि मासा केला, शुभेच्छा लिहिल्या. तिनं पानावर सगळ्यांचे मिळून आभार मानले.

सणाच्या सुट्टीत फोन एकदाच वाजला. चुकीचा नंबर होता. पलीकडचा माणूस माफी मागू लागला, तर ईरजनं त्याला कसे आहात म्हणून विचारलं.

"नवलच आहे!" जिन्यात भेटल्यावर तूबा खानम म्हणाल्या. "पान अजून चालू! विसरले वाटतं मेले."

"विसरले असतील."

"तुम्हाला आनंद झालेला दिसत नाही."

"झाला ना."

सुट्टी संपली. पहिल्याच सकाळी ईरज कचेरीत आला, साहेबांना नवरोजच्या शुभेच्छा दिल्या आणि आपल्या टेबलाशी बसला. बंद करायची म्हणून वरून सांगितलेली पानं त्यानं एकेक करून बंद केली. मग कुणीच न सांगितलेलं गोलनारचं पान बंद केलं, आणि फोनचा आवाज मोठा करून वाट बघत बसला.