ॲंजेलाचं व्हायोलेट

फेलिशियाने कुंडी ओट्यावर ठेवली, पण हात काही काढला नाही. "तुम्हाला यातलं कळतं ना," ती म्हणाली. आवाजात विनंती नव्हती. तरी गेल्या सात महिन्यांत आपणहून ती इनेझशी पहिल्यांदाच बोलत होती.

इनेझ लसूण सोलत होती. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा एकदा पुसले.

कुंडीत ॲंजेलाचं आफ्रिकन व्हायोलेट होतं, मखमली पानांचं छोटं फुलझाड. ॲंजेला म्हणजे फेलिशियाची आई, फेबियनची पहिली बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. यंदा ईस्टरनंतर चर्चमध्ये फेबियनशी साधेपणाने लग्न लागलं आणि पन्नाशीतली इनेझ होळी गावाहून वटार गावातल्या या घरात आली, ती आपली नऊ व्हायोलेटं घेऊनच. चूल, कपाटं, कोंबड्या, सगळं तिने हळूहळू हाताखाली घेतलं, पण या एका कुंडीला बोट लावलं नाही. तसं कुणी बजावलं नव्हतं. बजावायला कशाला हवं?

चर्चमधल्या रविवारच्या मिस्साहून आलेला फेबियन दारातून डोकावला. बायको आणि मुलगी एकाच ओट्याशी उभ्या पाहिल्यावर त्याला एकदम वाडीतली पाण्याची मोटर बंद करायची राहिल्याचं आठवलं, आणि तो सटकला.

झाडाची दशा वाईट होती. खालची पानं गळून देठाची बोटभर उघडी मान वर आली होती, आणि वरचा पानांचा झुबका एका अंगाला कलला होता. इनेझने मातीत बोट खुपसून वास घेतला. माती आंबली होती.

"पाणी कमी पडलं का?" फेलिशियाने विचारलं. "मी रोज घालते. एक दिवस चुकवला नाही."

उन्हावर ढकलता आलं असतं, किडीवर ढकलता आलं असतं. या पोरीचं मन राखण्यासाठी इनेझ काय वाटेल ते करायला तयार होती. पण चुकीचं सांगितलं असतं तर झाड हातचं गेलं असतं.

"जास्त झालं," ती म्हणाली. "मुळं कुजलीत."

फेलिशियाचा चेहरा उतरला. निदान माती तरी हीच राहू द्या, मम्मीने आपल्या हाताने भरलेली आहे, असं ती म्हणू लागली. इनेझने तेही नाही म्हटलं. ना माती ठेवायची, ना मुळं. मान कापायची आणि वरचा झुबका तेवढा नव्या कुंडीत लावायचा, तरच काही आशा.

"मुळंच टाकली तर मम्मीचं काय राहिलं?"

"झाड राहील," इनेझ म्हणाली.

फेलिशियाने कुंडीवरचा हात काढला.

इनेझने सुरी उकळत्या पाण्यातून काढून पुसली. तिच्या माहेरी केळीचे खांब सपासप कापायचे, ते बघत ती मोठी झाली होती, पण या बोटभर देठापाशी तिने सुरी दोनदा मागे घेतली. झाड मेलं, तर पुढे वीस वर्षं या घरात राबूनही ती ॲंजेलाचं झाड मारणारी बाईच राहणार होती. तिने मनात मारिया मातेचं नाव घेतलं आणि सुरी टेकवली. आतला देठ हिरवागार निघाला, तेव्हा कुठे तिने सुरी खाली ठेवली.

चहाच्या कपाएवढ्या कुंडीत तिने कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलं, झुबका बसवला, आणि ओल टिकावी म्हणून वरून पारदर्शक पिशवी चढवली. पिशवीचं तोंड फेलिशियाने धरलं होतं.

"आता ठेवायचं कुठे?"

पश्चिमेचं ऊन नको, सकाळचा कोवळा उजेड हवा, म्हणजे आमच्या खोलीतली खिडकी, असं इनेझ बोलून गेली आणि तिने जीभ चावली. ती खोली आधी ॲंजेलाची होती. लग्न झाल्यापासून फेलिशियाने तिचा उंबरा ओलांडला नव्हता. डॅडींचे इस्त्रीचे कपडेसुद्धा ती बाहेरच्या खुर्चीवर ठेवून जायची. आताही तिने कुंडी इनेझच्या हातात दिली आणि ती निघून गेली. त्या रविवारी ती जेवायलाही उशिराच आली.

सोमवारी सकाळी फेबियन वाडीत गेल्यावर इनेझ पलंगावर बसून केस विंचरत होती. दारावर टकटक झाली. फेलिशिया शाळेत शिकवायला निघाली होती, पर्स खांद्याला होती. ती उंबऱ्यावर थांबली. तिने खोलीकडे पाहिलं नाही, नुसतं खिडकीकडे पाहिलं.

"मुळं आली का, बघायचं होतं."

एका रात्रीत मुळं फुटत नाहीत. चार आठवडे त्या पिशवीला हातसुद्धा लावायचा नसतो, हे इनेझ आजवर कितीतरी बायकांना ठासून सांगत आली होती. ती पलंगावर थोडी सरकली आणि तिने खिडकीकडची जागा मोकळी केली.

"ये, बघ," ती म्हणाली. "रोज बघावं लागतं."